झाकणावरचं पान

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. सुलानताईंनी सांगितलं, तसंच लिहितोय. विश्वास बसला नाही, तर दोष माझ्या लेखणीचा.

सिचुआन प्रांतात मिन नदीकाठचं एक गाव. गेल्या हिवाळ्यातली धुक्याची सकाळ.

तिथल्या एका दिवंगत लेखकाचं घर सुलानताई सांभाळत. घर आता सरकारी वारसा होतं. लिहिण्याच्या टेबलावर त्या लेखकाचा चहाचा पेला मांडलेला असे, झाकणासकट. कुणी हात लावू नये म्हणून समोर दोरी बांधलेली.

त्या सकाळी झाकण पेल्यावर नव्हतं...

बशीला टेकवून ठेवलं होतं.

तिकडच्या चहाच्या दुकानांत याचा अर्थ पोरंसोरंही जाणतात. पाणी संपलंय, आणा.

ताईंनी झाकण जागेवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

वारसा खात्याच्या साहेबांनी बजावलं, वस्तू पुन्हा हलली तर नोकरी गेली समजा. ताईंची पेन्शन तोंडावर आलेली. त्यांचा संशय सरळ दुसऱ्या राखणदारावर गेला. यानदादा पक्का चहाबाज, त्यात थट्टेखोर. ताईंनी साहेबांच्या कानावर त्याचं नाव घातलं. त्याची गावातच दुसरीकडे बदली झाली. किल्ली एकट्या ताईंकडे आली.

सकाळी त्यांनी कुलूप काढलं...

झाकण बशीला टेकलेलं.

ताई तडक चहाच्या दुकानात गेल्या. यानदादा शेंगा सोलत बसला होता.

“दुसरी किल्ली करून घेतलीस ना?”

“आता तरी माझ्या नावानं खडे फोडू नकोस, ताई.” त्यानं वर पाहिलंही नाही. “माणूस पाणी मागतोय. घातलंस का कधी?”

ताईंनी त्याच दिवशी कुलूप बदलून घेतलं. आणि संध्याकाळी निघताना, कुणी बघत नाही असं पाहून, पेल्यात चहाची पत्ती टाकली. वर गरम पाणी ओतलं.

सकाळी पेल्यात पाण्याचा थेंब नव्हता. झाकण मात्र नीट बसवलेलं.

झाकणावर एक हिरवं पान...

अंगणातलं झाड तर केव्हाच बोडकं झालं होतं.

दुकानातलं गिऱ्हाईक जरा बाहेर जाताना झाकणावर असं काहीतरी ठेवून जातं. म्हणजे, येतोच, माझी जागा धरा.

हे यानदादाचंच काम, असं ताई अजून म्हणतात. पण आवाजात जोर नसतो. पाणी मात्र रोज ओततात.

सकाळी पान दिसलं की त्यांना हायसं वाटतं. मालक बाहेर गेलेत.

एखाद्या दिवशी पान नसतं...

त्या दिवशी ताई टेबलामागच्या खुर्चीकडे पाठ करत नाहीत.