चौथी काठी

अकरा वर्षं लोकांचे दात काढल्यावर माणसाला मातीत हात घालावासा वाटतो. मी अर्धा एकर जमीन घेतली, लिंबाची सहाशे झाडं लावली आणि एका शनिवारी ट्रॅक्टरच्या दुकानात जाऊन सगळ्यात मोठ्या लाल ट्रॅक्टरवर बोट ठेवलं.

"हा द्या."

सेल्समनने मान वर केली. शांत डोळे, खिशावर ग्रीसचा डाग.

"जमीन किती?"

"अर्धा एकर."

तो हसला नाही. तिथेच मला तो आवडायला लागला. घरी माझी आत्या ट्रॅक्टरचं ऐकून पलंगावर आडवी पडून हसली होती.

"आधी काठी फिरवू," तो म्हणाला.

त्याची ही पद्धतच होती. ट्रॅक्टरच्या रुंदीएवढी बांबूची काठी कापायची, ती आडवी धरून झाडांच्या ओळींतून चालायचं. एक टोक गिऱ्हाइकाकडे, दुसरं त्याच्याकडे. काठी अडली की ट्रॅक्टर बाद. त्यामुळे दुकानात सगळ्यात कमी विक्री त्याचीच. हे त्याने हवामान सांगावं तसं सांगितलं.

पहिल्या रविवारची काठी पहिल्याच झाडाला अडली.

"झाडं फार जवळ लावलीत, डॉक्टर."

"फट दिसली की भरायची, हातालाच सवय आहे."

या वेळी तो हसला… पण मान वळवून.

पुढच्या रविवारी मधला ट्रॅक्टर, थोडी लहान काठी. तिसऱ्या रविवारी सगळ्यात छोटा ट्रॅक्टर, आणखी लहान काठी. प्रत्येक खेपेला आम्ही हातभर जवळ. मधल्या ओळीत माझ्या मनगटात काटा घुसला. त्याने तो हलकेच काढला.

"दुखलं?"

"हे मी विचारायचं असतं. रोज."

काठी त्याही दिवशी अडली. मी सुटकेचा निःश्वास सोडला, जरा मोठ्यानेच. कारण काठी पार गेली, की ट्रॅक्टर येणार आणि हा जाणार, एवढा हिशेब मला जमत होता.

"ट्रॅक्टर घेतेयस की सरपण गोळा करतेयस?" आत्याने विचारलं. मी घरी आणलेल्या तिन्ही काठ्या कोपऱ्यात नीट उभ्या केल्या.

चौथी काठी इतकी आखूड, की खांद्याला खांदा लागला. त्याच्या शर्टाला साबणाचा आणि डिझेलचा वास होता. एक ओळ गेली. दुसरी गेली. मी पावलं लहान केली, काठी हळूच झाडाकडे ढकलूनही पाहिली. काही उपयोग नाही. शेवटचं झाड मागे पडलं.

"गेली," तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता.

"अभिनंदन," मी म्हणाले. माझ्याही नव्हता. "कुठला ट्रॅक्टर हा? उद्या येऊन नोंदवते."

त्याने बांबूच्या कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

"कुठलाच नाही."

"म्हणजे?"

"एवढा अरुंद ट्रॅक्टर कुणी बनवत नाही, डॉक्टर. तुम्हाला कुदळ पुरेल. पहिल्याच रविवारी कळलं होतं मला."

"मग… ही काठी?"

"काल घरी बसून कापली." त्याचे कान दुकानातल्या त्या मोठ्या ट्रॅक्टरसारखे लाल झाले. "गिऱ्हाइकाशी पहिल्यांदाच खोटं वागलो."

मी त्याच्या हातातलं टोक सोडवलं, काठी लिंबाखाली टाकली आणि तो रिकामा हात धरला.

"सवय नाही ना," मी म्हणाले. "म्हणून अजूनही लांबच कापलीत."