लुक्काचा तट आणि ट्रॉयमधलं गॅरेज

मातीची शेवटची पिशवी आम्ही दोघांनी एकदमच धरली. एक टोक माझ्या हातात, दुसरं त्याच्या. बाहेर ऑक्टोबरचा गार, बारीक पाऊस… आणि दुकानाच्या गार्डन सेक्शनमध्ये फक्त आम्ही.

“तू कुश ना? राजगडवाला?”

मराठी मंडळाच्या दिवाळी किल्ला स्पर्धेत राजगड करून तो सलग तीन वर्षं पहिला. आमच्या ट्रॉय गावातल्या प्रत्येक मराठी आईला त्याचं कौतुक, म्हणून मी त्याच्यावर न भेटताच चिडलेली.

“हो. आणि तू?”

“इला. मी या वर्षी लुक्का करणारे.”

“हा कुठला गड?”

“गड नाही, इटलीतलं शहर. भोवती चार किलोमीटरचा तट. एवढा रुंद, की वर झाडं आहेत, लोक सायकल चालवतात. समरमध्ये मीही चालवली.”

“आणि लढाया?”

“तट बांधून झाला, पण वेढा घालायला कुणी आलंच नाही म्हणतात.”

तो हसला. असा हसला, की पिशवीवरची माझी पकड सैल झाली.

“माती तुझी,” तो म्हणाला. “पण थापायला मी येणार. तुझ्या या नाजूक हातांनी तट उभा राहणं डिफिकल्ट आहे.”

“हातांकडे बघायचं काम नाही.”

तो आला. रोज शाळा सुटली की आमच्या गॅरेजमध्ये. बुरुज कसे थोपटायचे, मोहरी कधी पेरायची… सगळं शिकवलं. माझ्या गालावर चिखल लागला की सांगायचा नाही, नुसता बघत राहायचा. आणि मला कळत होतं, की शनिवारी किल्ला स्पर्धेसाठी हॉलमध्ये गेला की त्याला इथे यायला कारणच उरणार नाही. त्याआधी सांगायचं होतं. गाडी चालवायला शिकले, डिबेट जिंकले, आणि हे तीन शब्द? जमेनात.

शनिवार उजाडला. हॉलमध्ये परीक्षक सुमंतकाका आमच्या किल्ल्यासमोर थबकले.

“इला… महाराज इटलीला कधी गेले गं?”

मी पाहिलं. कुशने सवयीने लुक्काच्या बुरुजावर महाराजांची मूर्ती मांडली होती. शेजारी दोन मावळे, एक तोफ. त्याचा चेहरा पांढराफटक.

“ओह नो,” तो पुटपुटला. “यार, आय ॲम सो सॉरी…”

“काका,” मी म्हणाले, “सगळ्या लढाया जिंकून महाराज इथे निवांत फेरफटका मारायला आलेत.”

काका पोट धरून हसले. नंबर मात्र दिला नाही.

चहाच्या टेबलापाशी कुश मान खाली घालून उभा होता. “माझ्यामुळे गेलं तुझं प्राइझ.”

“मला प्राइझ नकोच होतं.”

“मग काय हवं होतं?”

“सोमवारीसुद्धा तू यावंस… गॅरेजमध्ये. किल्ला नसला तरी.” बोलून टाकलं. “मला तू आवडतोस, कुश.”

त्याने मान वर केली.

“या वर्षी राजगड का नाही केला, हे तू विचारलंच नाहीस.”

“का नाही केला?”

“तो मी एकटा करतो,” तो म्हणाला. “आणि मला एकट्याने करायचा नव्हता.”

त्याने चहाचा कप डाव्या हातात घेतला. उजवा हात रिकामा झाला, आणि मी तो धरला.