‘सोड’ कोणाला म्हटलं?

शिट्टी वाजली तेव्हा चेंडू जाळ्यात जाऊन निवांत पडला होता. संघातली सगळ्यात बुटकी, म्हणून जिला सगळे पिटुकली म्हणत, ती दोन्ही हात पसरून धावत सुटली होती आणि बाकीच्या तिच्या मागे. गोल झाल्याचीच शिट्टी, असं सगळ्यांना वाटलं. पण पंच जागचा हलला नाही. त्याने हात वर करून गोल नाकारला आणि खिशातून पिवळं कार्ड काढून पिटुकलीला दाखवलं.

“कशासाठी?” रेषेबाहेर उभी असलेली तरुणी ओरडली.

ती या मुलींची प्रशिक्षक. दिवसभर पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या हाताळायची आणि संध्याकाळी पाचला या सगळ्यांची ताई व्हायची. आवाज चढवायची तिला सवय नव्हती, त्यामुळे तो चढला तेव्हा तिचा तिलाच परका वाटला.

“फसवणूक,” पंच जवळ येत म्हणाला. “तुमची खेळाडू ‘सोड’ म्हणून ओरडली. समोरच्या संघातल्या मुलीला वाटलं, आपलीच गोलकीपर सांगतेय. तिने पाय मागे घेतला. नियमाप्रमाणे—”

“नियम मला पाठ आहेत! ती आमच्याच मुलीला म्हणाली. चेंडूला पाय लावू नकोस, पायांमधून जाऊ दे, मागे मी आहे... एवढ्या सगळ्याचा अर्थ ‘सोड’. दोन महिने तेच घोटतोय आम्ही.”

“मी जे ऐकलं—”

“ऐकलंत ना? मग जरा बघायचंही होतंत!”

त्याच्या डाव्या भुवईवर मैदान आखायच्या चुन्याचा पांढरा ठिपका होता. एवढ्या रागातही तो आपल्याला दिसला, याचा तिला आणखी राग आला.

ठरलेल्या पंचांचा पाय मुरगळला म्हणून हा ऐनवेळी आला होता. सामना बरोबरीत सुटला. वरच्या गटात जायचं तर आता शेवटचा सामना जिंकायलाच हवा होता आणि पिटुकलीचं स्पर्धेतलं हे दुसरं कार्ड, म्हणजे तो सामना तिने बाहेर बसून बघायचा. पण ताईला जास्त झोंबला तो एक शब्द. फसवणूक! पिटुकली मैदानाच्या कडेला बसून बुटांची नाडी सोडत होती, पुन्हा बांधत होती. “ताई, माझ्या नावापुढे तसं लिहिणार?” तिने विचारलं.

घरी आल्या आल्या ताई फुटबॉल संघटनेला तक्रार लिहायला बसली. चार मसुदे फाडले.

“ताट वाढून अर्धा तास झाला,” आई म्हणाली, आणि टेबलावरचा एक तुकडा उचलून वाचू लागली. “‘ते पंच’... ‘त्यांनी’... ‘त्यांचा निर्णय’... अगं, हा राग आहे की मानपत्र? माणूस खरा चिडला की सरळ अरेतुरेवर येतो.”

“लेखी तक्रारीत अरेतुरे करतात का?”

“मी फक्त सांगितलं,” म्हणून आई गालात हसत स्वयंपाकघरात गेली.

मंगळवारी सरावाच्या वेळी तो स्वतःच हजर! काळा पोशाख नव्हता. साधा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, आणि भुवई स्वच्छ.

“तुमची तक्रार मिळाली,” तो म्हणाला. “अहवालावर सही करण्याआधी मला ते ‘सोड’ एकदा बघायचंय.”

“आता? गोल गेल्यावर?”

“गोल परत देता येत नाही. पण अहवाल अजून माझ्याकडे आहे. त्यातला शब्द खोडता येतो, कार्डही. मात्र मला पटलं तर.”

तुम्हाला पटलं तर! तिच्या मस्तकात तिडीक गेली. पण पिटुकली कान देऊन ऐकत होती, म्हणून ती फक्त म्हणाली, “बघून काय कळणार? आत उतरा.”

दहा पावलं बाय दहा पावलांचा चौकोन तिने आधीच शंकू ठेवून आखला होता. चार कडांवर चौघी, मधे एक. मधलीकडे चेंडू यायच्या आधी तिने मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं. मागची मुलगी हाताची बोटं दाखवायची आणि मधलीने किती ते सांगायचं. मागे कोणी नसेल तर सगळ्यांनी ओरडायचं, ‘एकटी!’ म्हणजे सावकाश वळ. कोणी अंगावर आलं तर ‘मागे!’

तो मधे उभा राहिला. चेंडू आला.

“किती बोटं?” तिने विचारलं.

“बोटं... कोणाची?”

मुली खिदळल्या. पुन्हा चेंडू आला, पुन्हा तेच. ती वहीत खुणा करत होती. कुठली मुलगी चेंडू येण्याआधी कितीदा मागे बघते, हे ती प्रत्येक सरावात मोजायची. पिटुकलीपुढे तेवीस खुणा होत्या. त्याच्यापुढे शून्य.

“मान वळत नाही का तुमची?”

“वळते की,” तो धापा टाकत म्हणाला. “पण बघण्यासारखं सगळं समोरच आहे...”

“चेंडूकडे बघा!” ती कडाडली. कान मात्र गरम झाले. “मागे आहे, अहो, तुमच्या मागे—”

तेवढ्यात पिटुकलीने चेंडू काढूनही नेला.

“ताई, मैदानात ‘अहो’ नसतं,” पिटुकली लांबूनच म्हणाली. “तूच सांगितलंयस. ‘अहो’ म्हणेपर्यंत चेंडू जातो.”

मग त्यांनी ‘सोड’ करून दाखवलं. पुढची मुलगी चेंडूकडे धावली, पिटुकली तिच्या पाठीवर नजर रोखून “सोड!” म्हणाली, पुढचीने पाय फाकले, चेंडू आरपार गेला. एकदा, दोनदा, सातदा. तो गवतावर उकिडवा बसून बघत होता. चेंडूकडे नाही, पिटुकलीच्या डोळ्यांकडे.

“शब्द मी बरोबर ऐकला होता,” अखेर तो उठत म्हणाला. “कोणाला म्हटला, ते चुकलं. आणि चुकायला नको होतं. पोटापाण्यासाठी मी तेच करतो. लोकांचे कान तपासतो.”

“काय तपासता?”

“कान. ऐकू येतं की नाही ते.”

तिने वही खाडकन मिटली. “मग आधी स्वतःचे तपासून घ्यायचेत!”

“तपासले. सोमवारी. दोन्ही उत्तम आहेत,” तो गंभीरपणे म्हणाला. “दोष लक्ष देण्यात आहे. म्हणून पुन्हा येऊ का? गुरुवारी?”

तिने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. पण गुरुवारी तिने सहाऐवजी सात बाटल्या पाणी भरून आणलं, आणि ते मुलींच्या नजरेतून सुटलं नाही.

अहवालातला शब्द खोडला गेला, कार्डही रद्द झालं. त्याने खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘चूक माझी.’ पुढचे चार सराव तो आला. चौथ्या दिवशी त्याच्यापुढे अकरा खुणा झाल्या. तिने त्या दोनदा मोजल्या.

शेवटच्या सामन्याला मैदानात दुसराच पंच उतरला. तिने सहज, अगदी सहज, संघटनेच्या सचिवांना विचारलं.

“ते होय? त्यांनी लेखी दिलंय,” सचिव म्हणाले. “या संघाचे सामने मला यापुढे देऊ नयेत.”

तिला वाटलं, कोणीतरी पाठीमागून येऊन पायातला चेंडू काढून नेला. इतके दिवस आमच्यात खेळला, आमचं पाणी प्यायला, आणि आता आमचे सामने नकोत? अख्खा सामना तिने दातओठ खात बघितला. शेवटच्या मिनिटांत “सोड!” असा आवाज आला, चेंडू आरपार गेला आणि पिटुकलीने गोल केला. त्यांचा संघ वरच्या गटात गेला. मुलींनी तिला गराडा घातला, तेव्हाही तिची नजर प्रेक्षकांत कोणालातरी शोधत होती, भांडायला.

तो कुंपणापाशी उभा होता.

“आमचे सामने नकोत तुम्हाला?”

“नकोत.”

“वर तोंड करून सांगताय! आम्ही काय घोडं मारलं तुमचं?”

“नियम आहे. ज्या संघात आपलं कोणी असेल, त्याचा सामना पंचाने घ्यायचा नसतो.”

“तुमचं कोण आहे आमच्यात? पिटुकली तुमची मावसबहीण लागते?”

तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. आणि तिच्या लक्षात आलं... सावकाश, खालून वर, नळीत पाणी चढावं तसं.

“म्हणजे हे सचिवांना माहीत आहे?” तिचा आवाज पुन्हा चढला. “संघटनेकडे अर्ज गेला, त्यावर शिक्काही बसला असेल, आणि मला पत्ता नाही?”

“नियमाप्रमाणे आधी—”

“नियम घाला चुलीत! अरे, आधी मला सांगायचंस ना!”

ते ‘अरे’ दोघांनीही ऐकलं. ती गर्रकन पाठ फिरवून सरावाचे शंकू गोळा करू लागली. पहिला उचलला, दुसरा हातातून निसटला.

“आता अरेतुरे,” मागून आवाज आला. हळू, थोडा घाबरलेला.

“मैदानात ‘अहो’ नसतं.”

“बरं... मग सांग. किती बोटं?”

ती वळणार नव्हती. मुळीच नाही. पण पलीकडून साऱ्या मुली एका सुरात ओरडल्या, “ताई, मागे!”

तिने मान वळवून खांद्यावरून बघितलं. हात पुढे आलेला होता. उघडा, बोटांवर कुंपणाचा गंज लागलेला.

“पाच,” ती म्हणाली. अजून रागातच. आणि पाचही हातात घेतली.

“सोडू नको!” पिटुकली ओरडली.

कोणाला म्हणाली, ते या खेपेला त्याला विचारावं लागलं नाही.