पेढे कशाचे?

बीडच्या त्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या माणसाचा शर्ट शिवकन्याला ओळखीचा वाटला. वाटणारच की... कालच तर तिनं त्याची गुंडी लावली होती!

ती दारातच थबकली. घरी गेवराईला बहिणीकडं जाते म्हणून सांगून निघाली होती ती. आणि हा? हा दूध सोसायटीच्या कामाला गेला होता. यंदा पावसानं पार दगा दिला, रानात काडी उरली नाही, तेव्हा गुरांची छावणी सोसायटीनंच चालवावी म्हणून सगळे सभासद खटपटीत होते. सकाळी तेच कारण सांगून बाहेर पडलेला शहादेव आता बायकांच्या डॉक्टरीणबाईंच्या दारात, पोटुशा बायकांच्या मधोमध, मांडीवर हात ठेवून शाळेतल्या पोरासारखा बसला होता.

माघारी फिरावं का? — पण तेवढ्यात त्यानं मान वर केली. लग्नाला चार वर्षं झालेली दोन माणसं, आणि चेहरे बघावेत तर चोरी करताना सापडल्यासारखे!

शिवकन्यानं पदर सारखा केला आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं बोट दाखवलं.

“इथं कुणी बसायलंय का?”

शहादेव क्षणभर गोंधळला. मग त्याच्या मिशीखाली हसू हललं. “न्हाई. बसा की. कोणत्या गावच्या तुमी?”

“नेकनूरकडच्या.”

“आरं वा! आमी बी तिकडचेच. मालक न्हाई आले संगं?”

“मालकांना सोसायटीचं काम हाय. लई मोठं माणूस हाय आमचं.”

“आन बायकोला एकटीला धाडलं? बेकार माणूस दिसतोय.”

“बेकार न्हाई...” तिनं हळूच मान तिरकी केली. “थापाड्या हाय.”

दोघंही खुदकन हसले. मग तिनं आवाज उतरवला. “खरं सांगा, तुमी कावून आलते?”

शहादेव फरशीकडं बघत राहिला. “घरात सगळे तुझ्याकडंच बोट करायलेत. म्हणलं, आधी माझं तपासा. माझ्यात कमी असंल तर तुला उगीच बोलणी.”

चार वर्षं एका छताखाली काढली, आणि या माणसाची ओळख शिवकन्याला आज होत होती... परक्या गावात, औषधांच्या वासात.

दुपारपर्यंत तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी दोघांना संगंच आत घेतलं. शहादेवचं काही निघालं नाही. घरात ज्याला ‘हिच्यात खोट हाय’ म्हणत होते, त्याला मात्र एक नाव निघालं — पीसीओएस.

“बीज वेळेवर पिकत नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणून पाळी महिनोन्महिने येत नाही, वजन वाढतं, हनुवटीवर केस येतात. पुष्कळ बायकांना असतं. याला वांझपण म्हणायचं नाही. पाळी आणायला थोडे दिवस गोळ्या देते, पण त्याबरोबर रोज झपझप चालायला हवं. पाळी गोळीशिवाय, आपली आपण यायला लागली की समजा, शरीर वाटेवर आलं. मग मूल होण्याचीही आशा वाढते.”

परतीच्या बसमध्ये खिडकीतनं गरम वारा यायचा. पदर उडाला तसा तिनं घाईनं हनुवटीवर हात धरला.

“काय लपवायलीस?”

“काय न्हाई.”

“केस व्हय? मला म्हाईत हायेत की.”

तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. “कदीपासनं?”

“पयल्यापासनं. आन माझ्याकडं बघ, गालभर उगवलेत. मी कदी पदर घेतला का?”

ती इतक्या मोठ्यानं हसली की कंडक्टरनं वळून बघितलं.

औषध तर कळलं. घ्यायचं कसं, हाच घोर! गावातली सून काय उगीच चालते? डोक्यावर घागर पाहिजे, कडेवर पाटी पाहिजे. पहिल्या दिवशी ती नुसतीच हात हलवत निघाली, तर वेशीपर्यंत जाईतो बायकांनी विचारून बेजार केलं, “काय गं, म्हैस सुटली काय?” घरी सासूनं, छबुबाईनं, लेकाला बाजूला घेतलं. “भांडलास काय रे हिच्यासंगं? माहेराकडं निघाली व्हती म्हणं.”

मग छावणी मंजूर झाली, आणि शहादेवच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गावापासून चांगल्या लांब माळावर सोसायटीनं मांडव घातले. माणसं गुरांपाशीच राहायला गेली. निघताना तो आईला म्हणाला, “मला दोन्ही वक्ताला ताजा डबा पायजे. शिवकन्यानंच आणायचा, पायी. गाडीवर कालवण हिंदकळतंय.”

बाकीच्यांचे डबे मोटारसायकलवर यायचे. शेजारच्या दावणीचा बंकट रोज तोंड टाकायचा. “येऊ दे की बे आमच्या गाडीवर! उन्हात बायकोला पायपीट करायला लावतोस, काळीज हाय का न्हाई तुला?”

“न्हाई,” शहादेव म्हणायचा आणि ती बदनामी हसून गिळायचा.

शिवकन्या चालायची. सकाळी ऊन चढायच्या आत, सांजेला उतरल्यावर... फुफाट्यात पाय रुतायचे, घशाला कोरड पडायची, आणि तरी पाऊल आपोआप उचलायचं. कारण अर्ध्या वाटेवरच्या लिंबाखाली तो उभा असायचा. खांद्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली.

“डबा सांडंल म्हणून आलतो,” तो म्हणायचा.

“डब्याची लई काळजी!”

“मग? त्याच्यासंगं येणारीची आमाला कुठं वळख हाय...”

चारचौघांत एक शब्द न बोलणारी माणसं ती. त्या लिंबाच्या फुटक्या सावलीत मात्र भाकरी मोडता मोडता गोष्टी संपायच्या नाहीत. अंगाला कडब्याचा वास, बोटांना ठेच्याचा तिखटपणा, आणि उठताना दोघांचाही पाय निघत नसे.

पण घरात वेगळंच शिजत होतं. छबुबाईची बहीण सुंदरबाई येऊन बसली होती. “छावणी उठली की शहादेवचं दुसरं करू. पोरगी बघून ठेवलीया मी,” असं तिनं पीठ मळणाऱ्या शिवकन्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. छबुबाई हो म्हणाली नाही... पण नाहीही म्हणाली नाही.

लिंबाखाली शिवकन्यानं ते सांगितलं तेव्हा शहादेव भडकला. “मी साफ न्हाई म्हणलोय!”

“किती दिस म्हणाल?” ती मातीवर रेघा ओढत म्हणाली.

त्यानं पायाजवळचं ढेकूळ उचलून लांब भिरकावलं.

उन्हाळा ऐन भरात असताना एका सकाळी डबा घेऊन छबुबाईच आली. शहादेव दचकला. “ती कुठंय?”

“बाजूला बसलीय,” छबुबाई दुसरीकडं बघत पुटपुटली. घरात ती रीत होती, पाळीच्या दिवसांत चुलीला शिवायचं नाही. छबुबाईच्या लेखी त्याचा अर्थ एकच... अजूनही पाळणा नाही.

पण शहादेव ताडकन उठला. पाळी आणायच्या गोळ्या तर कधीच्या बंद होत्या! म्हणजे... आपली आपण?

त्यानं बंकटची गाडी काढली, नेकनूर गाठलं आणि येताना पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन आला. सोसायटीचे चेअरमन विठ्ठलराव, चारा वाटणारे, दावणीदावणीची माणसं... सगळ्यांच्या हातावर पेढा.

“कशाचे बे?” बंकटनं विचारलं.

“खा की गप!” शहादेवचे कान लाल झाले.

चार वर्षांचा संसार, हातात पेढे आणि लाल कान. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

संध्याकाळी बायका घरी लोटल्या. शिवकन्या कोपऱ्यात घोंगडीवर बसलेली. “आराम करायलीस व्हय? करावाच बाई, पयले दिवस नाजूक!” ती ‘आवो, तसं न्हाई’ म्हणायला गेली, तर कुणी ऐकूनच घेईना. छबुबाई सगळं माहीत असून तोंड शिवून बसली. तेवढ्यात आपल्या गावी परतलेल्या सुंदरबाईचा फोन आला, ‘पेढ्यांचं कळलं. ते स्थळ मी सोडलं गं.’ मग तर छबुबाईचं तोंड आणखीच घट्ट मिटलं.

चौथ्या दिवशी न्हाणं झालं त्या सकाळी शिवकन्या डबा घेऊन निघाली, ती लिंबाखाली न थांबता थेट छावणीत. “वैनी, अशात पायी कावून आलात!” म्हणत बंकट डबा घ्यायला धावला. ती त्याला ओलांडून शहादेवपुढं उभी राहिली.

“लोकांना काय सांगितलंत?”

“काय न्हाई! शप्पथ. निस्ता पेढा दिला. पुढचं त्यांनी आपल्या मनानं...”

“मग पेढा कशाचा?”

“तुझा... म्हणजे, ते आलं न्हाई का... गोळीबिगर...” तो म्हशीच्या पाठीवरून उगीच हात फिरवत राहिला. “तू तापल्या वाटंनं रोज आलीस. एक दिस चुकली न्हाईस. आई म्हणली बाजूला बसलीय, आन माझी छाती आशी फुगली... वाटावं वाटलं.”

राग कुठल्या कुठं वितळला. जगात कुणी कुणाच्या पाळीचे पेढे वाटले असतील? हसावं की रडावं तिला कळेना.

“राहू द्यायचं का आसंच?” तो हळू आवाजात म्हणाला. “मावशीनं स्थळ सोडलंय. तेवढीच तुला शांती...”

मोह झाला तिला. क्षणभर झाला. मग तिनं मान हलवली. “न्हाई. नसलेल्या पोटावर मला घरात जागा नको. जे हाय ते माझ्या पायांनी मिळवलंय. तेवढं बास हाय मला.”

दिवस कलता कलता चारा वाटायला सगळे मांडवात जमले. चेअरमनांचा निरोप गेल्यानं छबुबाई आणि सुंदरबाईही आल्या होत्या. विठ्ठलरावांनी घसा साफ केला. “शहादेवच्या घरी गोड बातमी हाय. दुष्काळात तेवढाच आनंद! सोसायटीतर्फे सूनबाईची ओटी भरू.”

शहादेव उठला. “साहेब, थांबा... ते पेढे... म्हणजे त्याचं आसं हाय की...” शब्द अडकले.

शिवकन्या त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“मला दिवस गेलेले न्हाईत.”

म्हशींच्या रवंथाचा तेवढा आवाज राहिला.

“मला आजार हाय. पाळी गोळीबिगर येत नव्हती. म्हणून मी रोज चालले, औषध घेतलं. आता ती आपली आपण आली. त्याचे पेढे व्हते ते.”

माणसं जमिनीकडं बघायला लागली. मागून कुणीतरी फिदकन हसलं. “आरं, त्याचे पेढे आसतेत व्हय?”

आता शहादेवला कंठ फुटला. “कावून नसावेत? म्हैस माजावर आली न्हाई तर आख्खी सोसायटी गोळा व्हती, तालुक्याचा डॉक्टर येतोय. म्हशीला आजार आसतोय, आन बाईत मातर खोट?”

“मला म्हशींच्या दावणीला बांधलं व्हय?” शिवकन्या दातओठ खाऊन कुजबुजली.

“गप. इथं म्हशीला लई मान हाय.”

सुंदरबाई तरातरा पुढं आली. “म्हणजे लेकरू न्हाईच की! ऐकलंस का छबू? मी उद्याच त्या लोकांना...”

“सांग,” छबुबाई म्हणाली. “पोरगी दुसरीकडं द्या म्हणून सांग. मला समदं ठाव आसून मी खोटं गिळून बसले, आन हिनं भर मांडवात खरं सांगितलं. आशी सून मी कुठं बघायला जाऊ?” मग विठ्ठलरावांकडं वळून, “आन तुमी थांबलात कावून? ओटी भरा की. माझ्या सुनंची हाय ती, पोटाची न्हाई.”

म्हशी बंकटवर सोपवून शहादेव तिला घरी पोचवायला निघाला. ओटीचा नारळ पदरात धरून शिवकन्या अशी झपझप चालत होती की त्याला धाप लागली.

“आगं... दमानं!”

“सवय झालीय. बोला, काय म्हणताय?”

“लेकरू झालं तर... लई आनंद हाय. न्हाई झालं तरी...” तो गुडघ्यांवर हात टेकून थांबला. “तू लई आवडतीस मला. चार वर्षांत म्हणायचंच राहिलं बघ.”

ती वळली. मावळतीचं ऊन तिच्या उघड्या चेहऱ्यावर होतं. “ऐकू न्हाई आलं. पुन्यांदा म्हना.”

त्यानं म्हटलं... चांगलं मोठ्यानं. माळावर घुमलं ते.

तेवढ्यात समोरून चाऱ्याचा ट्रॅक्टर आला, वर गावातली माणसं बसलेली. शहादेव सवयीनं दोन पावलं पुढं सरकला — रस्त्यानं नवरा पुढं, बायको मागं, अशीच तर चालत आली होती सगळी. शिवकन्यानं मागून त्याची बाही धरली.

“पुढं कुठं चाललात? बरोबर चला.”

ट्रॅक्टरवरची माणसं वळून वळून बघत गेली, आणि ती दोघं सगळा रस्ता अडवून, एकाच ओळीत, गावात शिरली.