अडवून ठेवलेले शब्द

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मोठ्या मंडपात, टेबल धरायचं तर त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवून जायचं, हे सिंगापुरात कुणी शिकवत नाही, आपोआप येतं. अनघा पाकीट ठेवून जेवण आणायला गेली आणि परतली, तर एक उंच गोरा माणूस तिच्या खुर्चीत बसून तिच्याच टिश्यूंनी घाम पुसत होता.

"ते माझं आहे."

"टिश्यू?"

"टिश्यू, टेबल... सगळंच."

तो कानापर्यंत लाल झाला. "मला वाटलं, फार प्रेमळ देश आहे. पाहुण्यांसाठी टेबलाटेबलावर ठेवलेत."

ती हसली, आणि तिथेच फसली.

दुपारी ऑफिसात कळलं, हा येरनेय. हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरचं स्लोव्हेनियन भाषांतर करायला सहा महिन्यांसाठी आलेला. त्याच्यापुढे नुसते सुटे इंग्रजी शब्द यायचे, तक्त्यात एकाखाली एक. शब्दाचे तीन-चार अर्थ निघाले की तो शंका टाकायचा, अनघा खुलासा लिहायची आणि मगच तो शब्द पुढे सरकायचा. पण हा गडी तक्त्यात लिहून थेट तिच्या टेबलाशी येऊन उभा राही.

"'ड्रेसिंग'. जखमेचं, सॅलडचं, की कपडे घालण्याचं?"

"हॉस्पिटल आहे. सॅलड कुठून आलं?"

"पेशंटला भूक लागत नाही?"

"भाषांतरकाराला लागलेली दिसतेय."

"लागलीय ना... येतेस?"

ती गेली. मग रोजच जाऊ लागली. चारच्या पावसात एका छत्रीखाली चालताना त्याच्या चष्म्यावर थेंब साचत, आणि तो मान वाकवून उभा राही — अनघानं ओढणीच्या टोकानं काच पुसेपर्यंत.

पाचव्या महिन्यात ती दिवस मोजू लागली. काम संपलं की त्याचा इथला कामाचा परवाना संपणार होता.

मग तिनं 'थिएटर'चा खुलासा अडवून ठेवला. 'कल्चर'चा, 'लेबर'चाही. दोन मिनिटांचं काम होतं एकेक... पण शब्द उघडा आहे तोवर हा इथे आहे. बघता बघता एकेचाळीस शब्द साठले.

एक दिवस शिरीष सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "बाकीच्या भाषा आटोपल्या गं. तुझा स्लोव्हेनियनवाला भलताच संथ निघाला. मुदत वाढवत नाहीये. उरलेलं स्लोव्हेनियातल्याच एजन्सीला दिलंय, काल सही झाली."

"सर, तो संथ नाही. उत्तरं मीच दिली नाहीत."

"का?"

ती काचेपलीकडच्या येरनेयच्या टेबलाकडे बघू लागली. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वेडी आहेस का? तो संथ आहे म्हणून मी एजन्सीला पत्र पाठवूनही बसलोय."

संध्याकाळी बुकित पंजांगच्या बस स्टॉपवर तिनं येरनेयला सगळं सांगून टाकलं. "तू जाऊ नयेस म्हणून..."

पाऊस छपरावरून धारेनं गळत होता.

"अर्धे प्रश्न मला पडलेच नव्हते," तो म्हणाला. "समजावताना तू हात हलवतेस, ते बघायला यायचो."

क्षणभर तिला वाटलं, सावरलं सगळं. "मग थांब ना. काहीतरी करू."

"माझ्या देशात तुझ्या पुण्यापेक्षाही कमी माणसं आहेत, अनघा. भाषांतरकार सगळे एकमेकांना ओळखतात. त्या पत्रानं मी तिथे कामचुकार ठरलोय."

"मी लिहीन त्यांना."

"काय लिहिशील? प्रेम होतं म्हणून?"

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

"माझंही आहे," तो हळूच म्हणाला. "पण आता तुझ्याकडे पाहिलं की आधी ते पत्र दिसतं. मी काय करू — तूच सांग."

बस आली. ती त्याचीच होती. त्यानं तिचा हात हातात घेतला, धरून ठेवला... आणि मग दार बंद होऊ लागलं म्हणून सोडला.

शनिवारी तो गेला. सोमवारी अनघानं एकाच सकाळी एकेचाळीस शब्दांचे खुलासे लिहिले, प्रत्येकाला वाक्य जोडून, अगदी मन लावून. सरांच्या पत्राखाली आपली चूकही स्वच्छ लिहून एजन्सीला पाठवली. दोन दिवसांनी एजन्सीतल्या कुणा अनोळखी बाईचं उत्तर आलं. चुकीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. एवढंच होतं —

"खुलासे फार स्पष्ट आहेत. आम्हाला काहीही विचारायचं नाही."