झडप

दुपारची जेवणं उरकली की अतिदक्षता विभागावर जरा पेंग चढायची. नर्सेस दबक्या आवाजात बोलायच्या, एसी घुमत राहायचा, आणि डॉक्टर आपलं एकोचं मशीन ढकलत खिडकीजवळच्या खाटेकडे निघायची. मशीनचं एक चाक कुरकुरायचं. त्यावरूनच सगळे ओळखायचे, आली म्हणून.

तिचं काम बघायचं. छातीवर गार जेल लावायचं, प्रोब टेकवायचा आणि आतलं हृदय कसं हलतंय ते पडद्यावर बघायचं. धीर देणं, आशा दाखवणं ही इतरांची कामं. विभागात तिच्यामागे म्हणायचे, हिला देव भेटला तर ही आधी त्याचा एको काढेल. तिच्या कानावर ते आलं होतं आणि तिला ते आवडलंही होतं.

खिडकीजवळच्या खाटेवर गणिताची एक शिक्षिका होती. साधा ताप आला, तिनं तो अंगावर काढला, आणि भर वर्गात फळ्यासमोर कोसळली. तापानं थेट हृदयाच्या स्नायूलाच सूज आणली होती. इथं आणलं तेव्हा नाडी लागत नव्हती. मांडीतून दोन जाड नळ्या घालून तिला तातडीनं यंत्रावर घेतलं. एका नळीतून काळपट रक्त बाहेर यायचं, यंत्रातून प्राणवायू घेऊन दुसरीतून लालभडक आत जायचं. हृदय आणि फुप्फुसं दोन्हींचं काम यंत्र ओढत होतं. तेवढ्या अवधीत हृदयानं सावरावं, एवढीच सगळ्यांची अपेक्षा.

सावरतंय का, हे डॉक्टर रोज बघायची. हृदयाची भिंत आकसते का? रक्त बाहेर सोडणारी झडप उघडते का? रोजचं उत्तर एकच. भिंत थिजलेली, झडप मिटलेली. मॉनिटरवर रक्तदाबाची रेघ सुतासारखी सरळ, कारण यंत्र ठोके देत नाही, ते रक्त एकसारखं ढकलत राहतं. वरची ईसीजीची रेघ तेवढी भरभर फडफडायची. हुकूम सुटत होते, ऐकणारं कोणी नव्हतं.

त्या दुपारी भेटायच्या वेळेला शिक्षिकेची नणंद आली. ड्रायव्हिंग स्कूल चालवणारी, रुंद खांद्यांची, इंजिनाच्या वर आवाज काढायची सवय झालेली बाई. भाऊ गेल्यापासून या नणंद-भावजया दोघीच एका घरात राहत होत्या, आणि शेजाऱ्यांना विचारलं असतं तर कळलं असतं, रोज भांडत होत्या. ताई, विभागात तिला सगळे असंच म्हणायचे, खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या.

"ऐकतेस का गं वहिनी? पडलीय बघा कशी महाराणीसारखी. तुझ्या त्या कुंड्यांना मी पाणी घालणार नाही, आधीच सांगून ठेवते. तू परत आली नाहीस तर एकेक उचलून फेकून देईन."

नर्सनं तोंड फिरवून हसू दाबलं. यंत्र सांभाळणारा तंत्रज्ञ, ज्याला सगळे पंपवाला म्हणायचे, तो मात्र हसला नाही.

"मॅडम, रेघ बघा."

सरळ रेघेवर उंचवटे उमटत होते. लहान, गोलसर, पण ठोकेच. डॉक्टरनं लगबगीनं प्रोब टेकवला. झडप उघडत होती. तिन्ही पाकळ्या बाजूला व्हायच्या आणि पुन्हा मिटायच्या.

"उठलं म्हणायचं की हो हिचं हृदय!" पंपवाला म्हणाला.

डॉक्टर पडद्याकडे आणखी वाकली. भिंत हलत नव्हती. आतून काहीही ढकलत नसताना दार उघडत होतं. आणि दुसरी गोष्ट तिला अधिक खटकली. ठोका ईसीजीच्या टोकामागोमाग यायला हवा. इथं वरची रेघ धावत होती आणि खालचे उंचवटे सावकाश, आपल्याच चालीनं येत होते. दोन रेघा दोन वेगळ्या माणसांच्या असाव्यात तशा.

भेटायची वेळ संपली. ताई बाहेर पडल्या, लिफ्ट खाली गेली, आणि रेघ पुन्हा सुतासारखी सरळ झाली.

डॉक्टरनं दाबाची नळी धुऊन घेतली, मॉनिटर बदलायला लावला, आपल्या मशीनचा प्रोबसुद्धा बदलला. दुसऱ्या दिवशी ताई आल्या, आणि उंचवटे आले. मग तिनं काहीतरी निमित्त काढून ताईंना बाहेर, काचेपलीकडच्या पॅसेजमध्ये बसवलं. खाटेला हात नाही, बोलणं नाही, मधे भिंत. उंचवटे तसेच.

ती पॅसेजमध्ये ताईंच्या शेजारी जाऊन बसली.

"जरा हात द्या, ताई. नाडी बघते."

"माझी? मला काय धाड भरलीय?"

हात गार होता. डॉक्टरनं मनगटावर बोटं ठेवली आणि काचेतून आतल्या मॉनिटरकडे बघत राहिली. बोटाखाली ठोका पडला, आत उंचवटा उमटला. पुन्हा ठोका, पुन्हा उंचवटा. मग बोटाखाली एक ठोका गळला. आत रेघ तेवढ्यापुरती सरळ गेली. पुढचा ठोका जोरात आला, आणि आतला उंचवटाही इतरांपेक्षा मोठा.

डॉक्टरनं हात सोडला. तिच्या मानेवरचे केस उभे राहिले होते, आणि या गोष्टीचा तिला रागही आला होता.

"तुमचा ठोका मधेच चुकतो."

"लहानपणापासून. त्यानं काही होत नाही."

त्याच संध्याकाळी विभागप्रमुख सरांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं. डॉक्टरही तिथं होती. शिक्षिकेची मूत्रपिंडं थकली होती, यंत्राच्या नळ्यांत गुठळ्या धरू लागल्या होत्या, दुसरं हृदय बसवण्याजोगी प्रकृती उरली नव्हती. सरांनी हे सगळं नेहमीच्या मवाळ आवाजात सांगितलं.

"उद्या दुपारी यंत्राचा जोर कमी करून बघू. हृदयानं उचल घेतली नाही, तर थांबावं लागेल. तुम्ही मनाची तयारी ठेवा."

"तयारी आहे," ताई म्हणाल्या. "तिला घरी न्यायची."

"तसं नव्हे, बाई—"

"माझ्या भावाच्या वेळीही तुमच्यासारखेच एक होते. असेच गोड बोलत होते. तेव्हा मी मान डोलावली. आता ती डोलायची नाही." त्या खुर्ची मागे सारून उठल्या. "उद्या मी खाटेशी उभी राहणार. मला बाहेर काढायचं असेल तर माणसं बोलवून ठेवा. चार लागतील."

डॉक्टर त्यांच्या मागोमाग बाहेर आली. उजेडात तिला दिसलं, ताईंचे ओठ निळसर झाले होते, आणि जिन्यापाशी येईस्तोवर त्यांनी दोनदा भिंतीचा आधार घेतला.

"ताई, तुम्ही इथं असलात की तिथं आत काहीतरी होतं. मला ते समजत नाही. पण होतं, हे मी बघितलंय."

ताईंना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशीपण पेडल असतात. शिकणारी घाबरून थिजली की मी माझ्या बाजूनं दाबते. तिला वाटतं, तीच चालवतेय."

"आणि त्यानं तुमचं काय होतंय, ते कळतंय का तुम्हाला? उद्या येऊ नका. घरी पडून राहा."

"मला जा म्हणू नका, डॉक्टर. मी जायची नाही आणि तीही जायची नाही. सांगा तुमच्या सरांना. त्यांच्या वर कोणी बसला असेल तर त्यालाही सांगा."

दुसऱ्या दुपारी सगळे खाटेभोवती जमले. ताई पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांना बाहेर काढायला कोणी पुढे झालं नाही. डॉक्टरनं प्रोब टेकवला.

"कमी करा," सर म्हणाले.

पंपवाल्यानं यंत्राचा जोर हळूहळू उतरवला. उंचवटे वाढत गेले. दाब टिकला. झडप सताड उघडत होती, मिटत होती. सरांच्या भुवया वर चढल्या. भिंत मात्र तशीच, जागच्या जागी. हे फक्त डॉक्टरला दिसत होतं.

"अजून कमी."

यंत्र जवळजवळ थांबलं.

ताईंनी खाटेचा कठडा घट्ट धरला होता. बोटं पांढरीफटक पडली होती. त्या वाकल्या आणि कधी नव्हे त्या हलक्या आवाजात बोलल्या.

"वहिनी, संपलं माझ्याजवळचं. आता तुझं तू."

उंचवटे गेले.

रेघ सरळ झाली. दाब घसरू लागला. मॉनिटर किंचाळायला लागला.

"वाढवा!" सर ओरडले. "जोर वाढवा!"

पंपवाल्याचा हात बटणाकडे गेला. डॉक्टरनं त्याचं मनगट धरलं. आपण काय करतोय ते तिला कळत होतं, आणि ती सोडणार नव्हती.

"थांबा."

"डॉक्टर, वेड लागलंय का?"

"थांबा म्हणते ना!"

तिनं पडद्यावरून नजर काढली नाही.

झडप मिटलेली.

मिटलेली.

मग भिंत थरथरली. एका कोपऱ्यातून, झोपेतून कूस बदलावी तशी. पुन्हा थरथरली. आणि आकसली.

झडप उघडली. वर ईसीजीचं टोक, खाली उंचवटा. लगोलग दुसरं टोक, दुसरा उंचवटा. एकामागोमाग एक, भरभर, वहिनीच्या स्वतःच्या चालीनं.

डॉक्टरनं पंपवाल्याचं मनगट सोडलं. तिथं तिच्या बोटांचे वळ उठले होते. ताई पायथ्याशी ताठ उभ्या होत्या. पडल्या नाहीत, रडल्या नाहीत. "बघा," एवढंच म्हणाल्या आणि आपल्या पायांनी चालत बाहेर गेल्या.

पुढचं सगळं रीतसर झालं. नळ्या निघाल्या, मूत्रपिंडं सावरली, शिक्षिका उठून बसली आणि पहिल्याच दिवशी नणंदेवर डाफरली. सरांनी डॉक्टरला केबिनमध्ये बोलावून झापझाप झापलं. तिनं ऐकून घेतलं. माफी मात्र मागितली नाही.

शिक्षिका घरी गेली आणि काही आठवड्यांनी तपासणीला आली. सोबत ताई होत्याच. दोघी लिफ्टपासून भांडत आल्या. हृदय छान चाललं होतं. भिंत आकसत होती, झडप उघडत होती. शिक्षिका कपडे नीट करून औषधं आणायला खाली गेली, आणि डॉक्टरनं दार लोटून घेतलं.

"आता तुम्ही झोपा, ताई."

ताईंनी क्षणभर तिच्याकडे रोखून बघितलं. मग चपला काढून मुकाट्यानं टेबलावर आडव्या झाल्या.

कातडी गार होती. जेल लावलं तरी ताई दचकल्या नाहीत. डॉक्टरनं प्रोब टेकवला, आणि चारही कप्पे पडद्यावर स्पष्ट उमटले. भिंत स्थिर होती. झडप मिटलेली होती. चुकून चित्र थिजवायचं बटण दाबलं गेलं का, म्हणून तिनं खाली बघितलं. बटणाचा दिवा बंद होता.

"तिला यातलं काही बोलू नका," ताई छताकडे बघत म्हणाल्या. "उपकार म्हणून बसेल, आणि मग भांडायची नाही माझ्याशी. नीट झाल्यापासून काय जोर चढलाय तिला! सकाळी साखरेच्या डब्यावरून केवढा तमाशा केलान्."

डॉक्टरनं प्रोब किंचित सरकवला, वळवला, दाबला. दुसऱ्या कोनातूनही तेच.

"झालं का?" ताईंनी विचारलं. "खाली गाडी नो-पार्किंगला लावलीय."

पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद पुढे सरकत होते.