बर्लच्या बंदुकीची चिंधी

आमच्या केंटकीच्या खोऱ्यात माणूस गेला की त्याची ठासणीची बंदूक धुतात. गजाला चिंधी लावून नळीत फिरवत राहायचं. जी चिंधी पांढरीशुभ्र बाहेर येईल ती त्याच्या तळहातावर ठेवायची, मग शवपेटीचं झाकण लावायचं. चिंधी पांढरी येईपर्यंत झाकण नाही. असं का, ते कुणी विचारत नाही. हे काम वडिलांचं होतं, आता माझं. त्यांनी शिकवलं असं नाही. त्यांचं बंदुका दुरुस्तीचं दुकान झाडता झाडता मी बघत गेले.

बर्लची बंदूक त्याचा भाऊ एल्झी सकाळीच घेऊन आला. दफन दुपारी होतं.

"पटकन उरक गं ल्यूडी. पाद्रीबुवांना पुढे एक लग्न लावायचंय."

"घाई तुला आणि पाद्रीबुवांना. बर्लला कसली?"

मला वाटलं होतं, चहा निवायच्या आत होईल. गेल्या शरदातल्या नेमबाजीनंतर ती मीच धुतली होती, तेव्हापासून ती भिंतीवर होती. पण पहिलीच चिंधी डांबरासारखी चिकट, काळी आली.

"एल्झी, काय ओतलंस हिच्यात?"

"गंजू नये म्हणून जरासं मोटारीचं तेल."

"काळ्या दारूच्या बंदुकीत मोटारीचं तेल! अरे, राहिल्यासाहिल्या काजळीचं डांबर होतं त्यानं. जन्मभर भावाशेजारी राहिलास ना?"

"तो हात लावू द्यायचा कुठे? फक्त बायकोला द्यायचा."

ते खरं होतं. बार काढल्यावर नळीत फुंकर मारतात, श्वासाच्या ओलीनं काजळी मऊ पडते. बर्लच्या छातीत कोळशाच्या खाणीनं फुंकर शिल्लकच ठेवली नव्हती. मग तो बार काढायचा आणि त्याची बायको, हॅसीमावशी, फुंकायची. दिवसभर तिच्या ओठांभोवती काळं कडं असायचं. आम्ही पोरी हसायचो, तर ती म्हणायची, "हसा. तुमचे नवरे तुम्हाला लाली आणून देतील, माझा हा देतो."

कारण सापडलं म्हणून मी निर्धास्त झाले. उकळतं पाणी आणि साबण घातला, तारेचा ब्रश फिरवला. उकडलेल्या अंड्यांसारखा तो जुना वास दुकानभर पसरला आणि क्षणभर सगळे शरद परत आल्यासारखे वाटले. पाणी नितळ येऊ लागलं. नळी शेकोटीपाशी सुकवली. चिंधी घातली.

काळी.

तेलाची नव्हती. गंजाचीही नाही, गंज तांबूस येतो. ही काजळी ताजी होती, मऊ आणि ओलसर, आत्ताच बार काढल्यासारखी.

पुन्हा धुतली. पुन्हा काळी. शेवटी नळी दांड्यापासून सोडवली, मागचं बूच खोललं आणि ती खिडकीकडे धरून आरपार पाहिलं. आतल्या पीळदार खाचा आरशासारख्या चकचकीत. डागसुद्धा नाही. बूच बसवलं, नळी परत दांड्यात अडकवली, चिंधी घातली. काळी आली, आणि या वेळी बोटांना कोमट लागली.

एल्झी आता घाई करायचा थांबला होता.

तेवढ्यात हॅसीमावशी आली. हात अजून पिठाचे. माणसं जमली म्हणून ही घरी मक्याची भाकर भाजत होती.

"होत नाहीये का गं?"

"नाही मावशी. का, ते कळत नाही."

तिनं काळ्या चिंध्यांचा ढीग पाहिला. "फुंकलंस का?"

"बार कुठे काढलाय?"

"आण इकडे."

तिनं बंदूक उभी धरली आणि नळीच्या तोंडाला ओठ लावले. मी सवयीनं खाली, ठिणगी आत जाते त्या बारीक भोकावर बोट धरलं. नळी मोकळी असली की तिथून वारा येतो.

वारा आला. उबदार, लांब, भरल्या छातीचा.

"चांगली फुंकतेस की अजून," मी म्हटलं आणि वर पाहिलं.

मावशीनं तोंड केव्हाच काढून घेतलं होतं. ती माझ्या बोटाकडे बघत होती.

वारा येतच होता.

"खोकला नाही त्याला," ती हळूच म्हणाली. "ऐक. घरघरसुद्धा नाही."

मी बोट काढलं नाही. काढवेना. बऱ्याच वेळानं तो आपोआप थांबला.

"मावशी, राहू दे का आज? पाद्रीबुवांना सांगते मी."

तिला हो म्हणायचं होतं. तोंडावर दिसत होतं. बंदूक तशीच भिंतीवर टांगायची, रोज सकाळी ओठ लावायचे. तिनं पिठाचा हात नळीवरून एकदा फिरवला.

"नको. घाल चिंधी."

चिंधी पांढरीशुभ्र आली.

दुपारी त्यांच्या बैठकीच्या खोलीत मी ती बर्लच्या उघड्या तळहातावर ठेवली. सपाट, मधोमध. पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी माना खाली घातल्या. वर केल्या तेव्हा मावशी निरोप घ्यायला पुढे झाली आणि वाकता वाकता थबकली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं.

चिंधी तळहातावर नव्हती. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत होती, ताणून धरलेली. बार भरताना गोळीखाली घालायची चिंधी नळीच्या तोंडावर धरतात, तशी.

मावशीनं कुणाला दिसायच्या आत त्याच्या हातावर चादर ओढली.

"झाकण लावा," ती म्हणाली.